संध्याकाळचं ताट

४ जानेवारी

औषधाचं खोकं आलं, तू आली नाहीस. आई तुझी आहे, माझी नव्हे. माझी नुसती सून, आणि तीही मी पसंत केलेली नव्हे, तुझ्या बापाने आणून दारात उभी केलेली. तरी तिचे फोड पुसायला मी, चादरी उकळायला मी, आणि तू खोक्याला चिकटपट्टी लावून मोकळी. बरं चाललंय तुझं.

आता आशीर्वाद घे आणि पुढचं वाच. मला फोनवर ऐकू येत नाही हे माहीत असून तू फोन करतेस. मग तुझा बाप मध्ये उभा राहून तुझं मला आणि माझं तुला सांगतो, आणि दोन्हीकडचं अर्धं स्वतःच गिळतो. म्हणून लिहिते.

फोड आधी बोटांवर उठले. तुझी आई रफूसाठी कुणाकुणाचे कोट आणि शाली मांडीवर घेऊन बसते, त्यातल्याच एखाद्या कपड्यातून आलं असावं असं डॉक्टर म्हणतो. तो नाकाला फडकं लावून दारातच उभा राहतो आणि सगळं तिथूनच म्हणतो. म्हणाला, ही देवी नव्हे, देवी जगातून गेली, ही तिची चुलत बहीण, मंकीपॉक्स. म्हटलं, चुलत असली तरी वळण घराण्याचंच दिसतंय. बाकीच्यांचं म्हणे आपोआप बरं होतं. पण तुझी आई सांध्यांसाठी ज्या गोळ्या घेते त्यांनी तिच्या अंगातली ताकद मारून टाकलीय, म्हणून हिचे फोड थांबत नाहीत. पाठ भरली, तोंडात आतून आलेत. हॉस्पिटलात वेगळी खोली रिकामी नाही, म्हणून आपल्याच मागच्या खोलीत ठेवलंय.

आत फक्त मी जाते. लहानपणी देवीची लस टोचली होती, तिची खूण अजून माझ्या दंडावर आहे. ‘आजी, त्यातल्या त्यात तुम्हाला धोका कमी,’ असं डॉक्टर म्हणाला आणि लगेच दोन पावलं मागे सरकला. तुझ्या बापाच्या दंडावर काही नाही. टोचणारे आले तेव्हा तो तापाने फणफणला होता, पुन्हा कुणी फिरकलं नाही. तो आता खिडकीबाहेर उभा राहून नाक पुसतो.

काल तिने त्याच हाताने डावा डोळा चोळला. मी हातावर फटका दिला, पण उशीर झाला असावा. आज पापणीच्या कडेला पुळी आहे. रफू करणाऱ्या बाईला डोळा म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. तेव्हापासून तिचं एकच चाललंय, ‘डोळा राहील ना?’ मी म्हटलं, मला काय विचारतेस, माझं डोळ्यांचं दुकान आहे?

गोळ्या कशा द्यायच्या ते मोठ्या अक्षरात लिही. खोक्यातला कागद मुंग्यांनी मुंग्यांसाठी लिहिलाय.

तुझी आजी


९ जानेवारी

आजीस नमस्कार,

रागावणार हे माहीत होतं. पण खरंच रजा मिळत नाही. हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर आम्ही दोघीच आहोत आणि दुसरी आजारी आहे.

आता नीट वाच आणि बाबांनाही वाचायला दे. औषधाचं नाव टेकोव्हिरिमॅट. नारिंगी-काळ्या गोळ्या, तीन सकाळी, तीन संध्याकाळी. मुळात हे देवीच्या रोगासाठी शोधलेलं औषध आहे. या आजारात सगळ्यांना ते लागू पडतंच असं नाही, पण आईसारख्या पेशंटला देऊन बघतात. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी बऱ्याच मिनतवारीने सही दिली आहे. पुन्हा मिळेल असं धरून चालू नकोस.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही गोळी कोरड्या पोटी चालत नाही. पोटभर आणि तेलकट, तुपकट जेवण झालं की अर्ध्या तासाच्या आत द्यायची. पोटात स्निग्ध काही नसेल तर औषध रक्तात चढत नाही, नुसतं पोटातून निघून जातं. दोन्ही वेळा हे पाळायचं. लोणी, साय, तळलेली अंडी, शेंगदाणे, जे जाईल ते दे, पण तेलकटच दे. डोळ्याचे थेंब वेगळे आहेत, ते डोळ्यांचे डॉक्टर सांगतील तसे घाल.

तिला सांभाळ. तुम्हा दोघींचं काय आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून हात जोडते.

तुझी नात


१४ जानेवारी

पोरी, इतकं गोड पत्र मला आयुष्यात कुणी लिहिलं नव्हतं.

तुझे आजोबा छातीत कळ येऊन गेले, त्या दिवसापासून तुझ्या आईने या घरातलं तेल कपाटात कुलूपबंद केलं. बटाटा उकडलेला, अंडं उकडलेलं, भाजी उकडलेली. घरात उकडायची तेवढी मीच राहिले होते. काही बोललं की म्हणायची, ‘सासूबाई, तुमच्या भल्यासाठीच.’ आणि आता हॉस्पिटलातून हुकूम आला की हिला तेलात घाला! मी किल्ली मागितली. तिने गळ्यातून काढून दिली. चेहरा फोडांनी भरलाय, तरी त्यावर काय उमटलं ते मला दिसलं.

पहिल्या सकाळी लोण्यात तळलेली चार अंडी आणि वर वाटीभर साय नेली.

‘हे काय?’

‘न्याहारी.’

‘मला नको, घशाला लागतंय.’

‘लागू दे.’

‘मळमळतंय मला.’

‘आधी गिळ, मग सावकाश मळमळत बस.’

‘तुम्हाला मजा येतेय.’

‘येतेय. तोंड उघड.’

तळलेल्याची कड तोंडातल्या फोडांना लागते, रक्त येतं. म्हणून आता मऊ करून घोटून देते. माया वगैरे समजू नकोस, रक्ताने तोंड भरलं की घास बाहेर येतो आणि माझं लोणी फुकट जातं. परवा ती माझ्या अंगावर ओकली. मी तोंड धुतलं आणि दुसरी अंडी तव्यावर टाकली. तिने ती खाल्ली. रडत खाल्ली, पण खाल्ली, आणि गोळ्या घेतल्या.

‘सगळं तेलकटच का?’ असं विचारत होती. मी म्हटलं, मला आवडतं म्हणून. रोग्याला कारणं सांगत बसलं की तो वाद घालतो, आणि ही तर धडधाकट असतानाही घालायची.

संध्याकाळी मात्र तिने तोंड घट्ट मिटलं. तुमच्या हातचं विष एकदाच घेईन, दोनदा नाही, म्हणाली. तेव्हा तुझा बाप खिडकीतून म्हणाला, ‘आई, संध्याकाळचं मी बघतो, माझ्या हातून खाईल ती.’ म्हटलं बघ. नाहीतरी त्या वेळी मी मागे चादरी उकळत असते. मी ताट करून गोळ्यांसकट खिडकीत ठेवते, तो हातमोजे घालून लांब चमच्याने तिला भरवतो. म्हातारपणी नवरा-नवरीचे खेळ चाललेत.

आणि रजा मिळत नाही हे दुसऱ्या कुणाला सांग. मागे आलीस तेव्हा चहाचा वास आला की उठून जात होतीस. कितवा महिना?

आजी


१९ जानेवारी

आजी,

चौथा. आईला सांगू नकोस, ती आधीच घाबरलेली आहे. हा आजार मला झाला तर बाळाला धोका आहे, म्हणून आले नाही. घराच्या दारापर्यंत यायची सुद्धा मला परवानगी नाही. तुला खोटं लिहिलं कारण तू बाबांना सांगितलं असतंस आणि बाबांनी आईला.

बाबांचा फोन आला होता. रडत होते. म्हणाले, आजी तिला कसायासारखं भरवते, मला खिडकीतून बघवत नाही. आजी, जरा हळू घे ना. आणि तेलकट का द्यायचं ते तिला एकदा समजावून सांग. कारण कळलं तर ती आपणहून खाईल. माझी आई हट्टी आहे, मूर्ख नाही.

डोळा कसा आहे ते आधी लिही.

तुझी नात


२४ जानेवारी

डोळा लाल आहे आणि फुगलाय. थेंब घालते. पाठीवरचे फोड सुकायला लागले होते, पण मानेवर नवे आले. डॉक्टर दारातून म्हणतो की औषध चालू असताना इतके नवे यायला नकोत. मला विचारतो, ‘आजी, जेवण तेलकट देताय ना?’ मी त्याला तवा दाखवला. तो तवा बघून त्याचीच छाती दुखायला लागली असेल. तुझ्या त्या खिडकीवर कुणी गोळ्यांत पीठ भरून विकत नाही ना, तेवढं बघ.

ताटात काही उरत नाही, हे मी शपथेवर सांगते. सकाळचं माझ्यासमोर संपतं. संध्याकाळचं तर तुझा बाप चाटूनपुसून परत आणतो, लोण्याचा डाग सुद्धा नसतो. मी त्याला म्हटलं, तुझ्या हाताला चव आहे बाबा, माझ्या हातून ती अशी कधी खात नाही. त्यावर खाली मान घालून ताट विसळायला गेला. काळजीने माणसं वाळतात असं मी ऐकून होते, तुझा बाप फुगतोय. शर्टाची खालची गुंडी आता लागत नाही. रात्री जेवायला बसवलं तर भूक नाही म्हणतो. बायको मरणाच्या दारात आणि याचं पोट बाळंतिणीसारखं. तुझ्या आधी तोच बाळंत होईल.

गोड बोलायला, समजावून सांगायला तुझा बाप आहे. ते खातं त्याचं. मी हळू घेणार नाही. मी हळू घेतलं तर ती खाणार नाही, आणि मग ती का गेली याची कारणं तू मला सांगत बसशील.

पणतू झाला तर त्याला माझं तोंड दाखवू नकोस लगेच, घाबरेल.

आजी


८ फेब्रुवारी

चिरंजीव बेटा,

फोनवर बोलायचा धीर होत नाही म्हणून लिहितो. आईला डोळ्यांच्या हॉस्पिटलात हलवून आठवडा होऊन गेला, ते तुला माहीत आहे. जिवाचा धोका टळला. तिथे ते औषध सलाइनमधून दिलं, अंगावरचे फोड भराभर सुकले. पण डाव्या बुबुळावर आधीच जखम झाली होती. ते पांढरं पडलं. त्या डोळ्याने आता दिसणार नाही, असं काल स्पष्ट सांगितलं. उजवा ठीक आहे, पण थोडे दिवस त्यावरही पट्टी आहे.

आईची ठाम समजूत आहे की आजीने जबरदस्तीने तेल-लोणी खायला घातलं, त्यानेच डोळ्यात पू झाला. घरी येईन ती सासूबाई नसतील तरच, असं तिने हॉस्पिटलात सगळ्यांसमोर सांगितलं. मी काय करणार? मी आजीला तिच्या भावजयीकडे पाठवलं. स्वतः गाडीत बसवून आलो. गाडी सुटेपर्यंत आजी एक शब्द बोलली नाही. तिला काही माहीत नाही.

तुला सांगतो, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला गिळवत नाही. संध्याकाळचं ताट मी तिला देत नव्हतो. ती हात जोडायची. म्हणायची, तुम्ही तरी मला सोडा. तोंडात नुसतं रक्त. मी भाताचं पाणी द्यायचो, चिमूटभर मीठ घालून, आणि त्यावर गोळ्या. किती शांत झोपायची! सकाळची गोळी तर नीट पोचतेय, संध्याकाळची थोडी कमी पोचली तर काय बिघडलं, असं वाटलं. ताटातलं टाकलं असतं तर आजीला दिसलं असतं, म्हणून मी तिथेच उभ्याने खायचो.

आईला हे सांगू नकोस. आंधळ्या बायकोने तोंड फिरवलं तर मी कुठे जाऊ? आजीला काय, तिला शिव्यांची सवय आहे.

बाबा


१३ फेब्रुवारी

बाबा,

माझं पत्र तुम्ही वाचलं होतं. दोन्ही वेळा, असं त्यात लिहिलं होतं.

त्या गोळ्या तेलकट जेवणावर दिल्या असत्या तर डोळा वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही, कुणीच म्हणू शकणार नाही. हे औषध दिलेल्यांपैकी काहींना काहीच फरक पडत नाही. एवढाच आधार मी तुम्हाला देऊ शकते, आणि तोही तुमच्यासाठी नाही, खरा आहे म्हणून देतेय.

आईला तुम्ही सांगा. आजीला परत आणा. मी तुमच्या वतीने काही बोलणार नाही. मला पाचवा महिना आहे, हे तुम्हाला आता सांगते. बाळ झाल्यावर मी घरी येईन तेव्हा आईला हे ताटाचं माहीत नसेल, तर मी तुमच्यासमोर बसून तिला सांगेन.

तुमची मुलगी


१९ फेब्रुवारी

आईस साष्टांग नमस्कार,

तू तिकडे ठीक असशील. मामींना नमस्कार सांग. ही घरी आली. तब्येत सुधारते आहे, पण राग अजून फार आहे. तुझं नाव काढलं की थरथरायला लागते. तेव्हा तू आणखी थोडे महिने तिकडेच राहावंस, असं मला वाटतं. वेळ बघून मी बोलेन.

पट्टी सुटेपर्यंत तिला वाचता येत नाही. पेपर, पत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं मीच तिला मोठ्याने वाचून दाखवतो. तू चार शब्द माफीचे लिहिलेस तर तेही वाचून दाखवीन. तिला बरं वाटेल. तुझं काय जातं?

तुझा मुलगा


२५ फेब्रुवारी

माफी मागायला सांगितली मला! या घरात डोळा एकीचा गेला, अब्रू एकीची गेली, आणि ज्याचं फक्त पोट वाढलं तो मला माफीचा मजकूर सुचवतोय.

सूनबाई, हे पत्र तुला आहे. तुझा नवरा वाचतोय. त्याला वाचू दे. त्यानेच मला लिहिलं की सगळं तो तुला मोठ्याने वाचून दाखवतो. बस बाबा नीट, खुर्ची जवळ ओढ, आणि घसा खाकरू नकोस. पहिल्या ओळी तर तुझ्या तोंडून गेल्याच.

मी तुला छळलं. मला मजा आली. तू सगळ्यांना सांगतेस ते खोटं नाही. तेलाची किल्ली तू गळ्यातून काढलीस तेव्हा मी मनातल्या मनात नाचले. पण मजेसाठी मी तुला अंडी भरवली नाहीत. तुझ्या मुलीने लिहिलं होतं की त्या गोळ्या तेलकट जेवणाशिवाय रक्तात चढत नाहीत, पोटातून नुसत्या निघून जातात. सकाळी आणि संध्याकाळीही. हे तुला मी सांगितलं नाही, कारण तुझ्याशी वाद घालायची मला हौस नव्हती. तुझ्या नवऱ्याने का सांगितलं नाही ते त्याला विचार. त्याने तेच पत्र वाचलं होतं. थांबू नकोस रे. वाच.

संध्याकाळी तुला भाताचं पाणी मिळायचं. तुला वाटलं, हा देवमाणूस. मला कसं कळलं ते सांगते. तुला हॉस्पिटलात नेलं त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मी सवयीने ताट करून खिडकीत ठेवलं. मग माझ्याच लक्षात आलं की खोलीत कुणी नाही. ताट उचलायला वळले तर हा खिडकीपाशी उभा, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी, आणि तळलेली अंडी बोटांनी तोंडात कोंबतोय. खाताना त्याला कळलंही नाही की आपण खातोय. इतका सराव झाला होता. मला बघितल्यावर घास तोंडातच राहिला. म्हणाला, ‘भूक लागली होती गं.’ त्याच्या शर्टाच्या उघड्या गुंडीकडे मी बघितलं आणि एवढ्या दिवसांची सगळी ताटं, आणि त्या लांब चमच्यावर रोज वाळलेलं भाताचं पाणी, मला एकदम दिसलं.

मी तेव्हा बोलले नाही. गाडीत बसवलं तेव्हाही बोलले नाही. तिकिटाबरोबर याने माझ्या हातात केळी दिली, तरी बोलले नाही. मला वाटलं, मुलगा माझा आहे, तोंडाने सांगेल. मला वेडीला एवढंही कळलं नाही की तो माझा आहे म्हणूनच सांगणार नाही. याला लहानपणी एक चापट मारली की शेजारच्या पोराचं नाव पुढे करायचा.

मी तुझ्या मुलीला पत्राने विचारलं. ती लिहिते, ते तेल पोटात गेलं असतं तरी डोळा वाचला असताच असं नाही. तिचं खरं असेल, ती शिकलेली आहे. पण वाचला असता की नसता, हे आता कुणालाच कळणार नाही. तेही यानेच खाल्लं.

आता रड, किंवा त्याला ताटाने मार, ते तुमचं तुम्ही बघा. त्याच्यावर दया दाखवायची असेल तर दाखव. दयेने काय होतं ते तुला डाव्या बाजूने दिसतंच आहे. मला परत बोलावू नकोस. बोलावलंस तर मी येईन, आणि तळलेलंच खाईन.

पोरा, वाचून झालं. आता हा कागद घडी न घालता तिच्या हातात दे आणि खोलीबाहेर जा. तू काही लिहायचं नाहीस. तुझ्या मुलीला फोन करून तिच्याकडूनही लिहवायचं नाही, तिला पाचवा महिना आहे, सुनेलाही आता कळू दे. उत्तर सुनेने लिहायचं, पट्टी सुटेल त्या दिवशी, तिच्या स्वतःच्या हाताने. ओळी खालीवर गेल्या तरी चालतील. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं तर मी ते न उघडता पुढच्या गाडीने येईन, दारात उभी राहीन आणि हे सगळं पहिल्यापासून तोंडपाठ म्हणेन. मला ऐकू येत नाही. गल्लीला येतं.